हजार अंशांच्या भट्टीत कोणता धातू टिकेल?

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपासून पोरपर्यंत आणि दुसरीकडे रानोली-नंदेसरीपर्यंत, बडोद्याच्या चहूबाजूंनी भट्ट्याच भट्ट्या आहेत. ट्रे, बास्केट, मफल (भट्टीतली बंद पेटी), रेडियंट ट्यूब (आतून ज्वाळा जाणारी नळी) किंवा हीटिंग एलिमेंट बदलायची वेळ आली की प्रश्न ठरलेला असतो, "हजार अंशाला कोणता ग्रेड चालेल?" उत्तरही ठरलेलं, "३१० घाला," म्हणजे त्या नंबरचं स्टेनलेस स्टील. बऱ्याचदा ते बरोबर निघतं. पण ते का बरोबर निघालं हे माहीत नसलं, तर ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी कारण हाती लागत नाही आणि दोष वेल्डरवर किंवा मालावर जातो.

तापलेल्या धातूला वाचवतो तो त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर. म्हणून मिश्रधातूत घातलेल्या प्रत्येक मूलद्रव्याबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात. ते कसला थर बनवतं? आणि तो थर फुटला तर भरून काढायला आत त्याचा साठा किती आहे? ग्रेडचा नंबर यातलं काहीच थेट सांगत नाही. (पुढे सगळीकडे अंश म्हणजे अंश सेल्सियस.)

आधी साधं लोखंड घेऊ. ५७० अंशांच्या खाली त्यावर मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट यांचे थर बनतात आणि ते बऱ्यापैकी सावकाश वाढतात. ५७० च्या वर फेरस ऑक्साइड, म्हणजे वुस्टाइट, तयार होऊ लागतो आणि तिथून सगळं बिघडतं. वुस्टाइटच्या स्फटिकात लोखंडाच्या शंभरातल्या पाचाहून अधिक जागा रिकाम्या असतात. तो चाळणीसारखा वागतो, लोखंडाचे आयन त्यातून भराभर बाहेर येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात. आठशे-नऊशे अंशांना माइल्ड स्टीलवर जी जाड खपली येते, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वुस्टाइटच असतो.

थर घट्ट आणि सलग असेल तर वाढीचा वेग आपोआप मंदावतो, कारण आयनांना अधिकाधिक जाड थर ओलांडावा लागतो. कार्ल वॅग्नर यांनी १९३३ मध्ये याचा सिद्धांत मांडला: जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे थर दुप्पट व्हायला चौपट वेळ. हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी चाचणीच्या वेळी लागेल. थर जर सुटून पडत असेल तर हा नियम मोडतो आणि प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

आता क्रोमियम. त्याचा ऑक्साइड लोखंडाच्या ऑक्साइडपेक्षा कितीतरी सावकाश वाढतो. पण क्रोमियम थोडं घातलं म्हणजे थोडा फायदा झाला, असं इथे चालत नाही. निकेलमध्ये दोन-पाच टक्के क्रोमियम घातलं तर ऑक्सिडेशन शुद्ध निकेलपेक्षा जास्त वेगाने होतं. क्रोमियमचे त्रिसंयुजी आयन निकेल ऑक्साइडमध्ये शिरतात, विद्युतभाराचा तोल राखायला निकेलच्या आणखी जागा रिकाम्या होतात आणि निकेलची वाट मोकळी होते. शिवाय इतक्या कमी क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर सलग न बनता धातूच्या आत सुटे कण होऊन बसतो. साधारण दहा टक्क्यांच्या पुढे चित्र पालटतं आणि १८ ते २० टक्क्यांना पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अखंड थर भरवशाने बसतो. नेहमीच्या ३०४ स्टेनलेसमध्ये १८ टक्के आणि नायक्रोममध्ये (एलिमेंटची निकेल-क्रोमियम मिश्रधातू) २० टक्के असतं ते याच कारणाने. ३१० मधले २५ टक्के हा त्यावरचा साठा आहे: थर फुटला की पुन्हा बनवायला लागणारा.

हा साठा कागदावर दिसतो तेवढा प्रत्यक्षात हाती लागत नाही, कारण कार्बन त्यात वाटा मागतो. क्रोमियम कार्बाइडच्या एका एककात २३ अणू क्रोमियमचे आणि ६ कार्बनचे असतात. वजनात बसवलं तर ०.१ टक्का कार्बन सुमारे १.६६ टक्के क्रोमियम अडवून ठेवू शकतो. साध्या ३१० मध्ये कार्बन ०.२५ टक्क्यापर्यंत चालतो, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत चार टक्क्यांहून अधिक क्रोमियम कार्बाइडमध्ये गेलं. ३१०एस मध्ये कार्बनची मर्यादा ०.०८ आहे, तिथे नुकसान सव्वा टक्क्याच्या आसपास थांबतं. म्हणून नुसत्या ऑक्सिडेशनसाठी, विशेषतः पातळ पत्र्याला आणि वेल्डिंग असलेल्या कामाला, मी ३१०एस मागवायला सांगतो. वजन पेलणाऱ्या भागाला मात्र थोडा कार्बन हवाच, नाहीतर तो तापून लोंबतो. तिथे ३१०एच किंवा ओतीव ग्रेड बरे.

क्रोमियमची दुसरी अडचण बडोद्यासाठी खास महत्त्वाची आहे. हजार अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड ऑक्सिजनशी संयोग पावून वायुरूपात उडून जाऊ लागतो. हवेत पाण्याची वाफ असेल तर हे उडणं बरंच आधी, सहाशे-सातशे अंशांपासूनच, जाणवण्याइतकं सुरू होतं. इथल्या कितीतरी भट्ट्या पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालतात. मिथेन नेमक्या हवेत जळला तर धुरात १९ टक्के वाफ असते, वीस टक्के जादा हवा दिली तरी १६ टक्के. पावसाळ्यातल्या दमट हवेतही वाफ तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. ग्रेडच्या तक्त्यात दिलेले कमाल तापमानाचे आकडे हवेतले असतात. विजेच्या भट्टीत छान चाललेला ट्रे गॅसच्या भट्टीत त्याच तापमानाला लवकर का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. वायुज्वालेत थेट असलेल्या भागासाठी तक्त्याच्या आकड्यातून पन्नास-शंभर अंश आधीच वजा करावेत, असं माझं मत आहे.

याच वाफेचा आणखी एक परिणाम दुरुस्तीला उतरणाऱ्यांनी ओळखायला हवा. स्टेनलेसचा तापलेला भाग जिथे कॅल्शियम असलेल्या इन्सुलेशनला टेकतो तिथे पिवळी भुकटी जमते. ते कॅल्शियम क्रोमेट असतं, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, आणि ते कर्करोगकारक आहे. कोरड्या ब्रशने ते झाडू नका, हवा मारू नका. मास्क आणि हातमोजे घालून, ओलं करून उचला आणि घातक कचऱ्यात द्या.

निकेलकडे वळू. निकेल ऑक्सिडेशन थांबवतं असा समज आहे. त्याचं मुख्य काम वेगळं आहे: तापमानाला ताकद टिकवणं, आणि थर्मल एक्स्पान्शन थोडं कमी करून ऑक्साइडचा थर जागेवर राहू देणं. ३०४ चा एक मीटरचा तुकडा ९०० अंशांवरून ३० अंशांवर आला की सुमारे १६ मिलिमीटर आखडतो. तेवढ्याच लांबीचा क्रोमियम ऑक्साइड जेमतेम ७ मिलिमीटर आखडतो. नऊ मिलिमीटरचा हा फरक थराला सोसत नाही, तो खपल्या होऊन उडतो. म्हणूनच ३०४ चा सतत तापवण्याचा आकडा ९२५ आहे, पण तापव-थंड कर अशा वापरात तो ८७० वर येतो. ३१० चे हेच आकडे ११५० आणि १०३५. उलट ४४६, ज्यात क्रोमियम २५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि निकेल जवळजवळ नाही, त्याचं प्रसरण ऑस्टेनिटिक (३०४, ३१० सारख्या निकेलवाल्या) स्टीलपेक्षा बरंच कमी. त्याचा सततचा आकडा १०९५ आणि तापव-थंड कर वापरातला ११७५, म्हणजे उलटा क्रम. दिवसातून चार वेळा तेलात बुडवायची बास्केट आणि आठवडाभर न थांबणारं मफल यांना एकच ग्रेड लावणं म्हणूनच चूक आहे.

मग सगळीकडे ४४६ का नाही? तापल्यावर तो मऊ पडतो, आणि ४७५ अंशांच्या आसपास फार वेळ राहिला तर काचेसारखा ठिसूळ होतो. ३१० लाही ६५० ते ९०० च्या पट्ट्यात महिनोन्महिने ठेवला की सिग्मा फेज, म्हणजे लोखंड-क्रोमियमची ठिसूळ रचना, पकडते. गरम असेपर्यंत कळत नाही, थंड ट्रे हातातून पडला की तडकतो. गंधक असेल तर निकेल शत्रू होतं. निकेल आणि निकेल सल्फाइड मिळून ६४० अंशांच्या आसपासच वितळतात आणि धातूच्या कणांच्या सीमांवरून आत घुसतात. फर्नेस ऑइलवरच्या भट्टीत किंवा तेलकट, न धुतलेला माल जाणाऱ्या भट्टीत जास्त निकेलचा ग्रेड घालून पैसे वाया घालवू नयेत.

सिलिकॉन दीड-दोन टक्के असेल तर क्रोमियम ऑक्साइडच्या खाली सिलिकाचा बारीक थर तयार होतो आणि तो चांगली आडकाठी करतो. त्यापुढे वेल्डला गरम असतानाच तडे जातात आणि ठिसूळपणा वाढतो. मँगनीज थोडं, अर्धा टक्का वगैरे, उपयोगी: ते थराच्या वर मँगनीज-क्रोमियम स्पिनेल (दोघांचा मिश्र ऑक्साइड) बनवतं आणि क्रोमियमचं उडणं कमी करतं. जास्त झालं की थर जाड, सुटा आणि लवकर पडणारा होतो. बाजारात ३०४ म्हणून २०० मालिकेचा पत्रा गळ्यात मारला जातो, त्यात मँगनीज साडेपाच ते दहा टक्के आणि क्रोमियम कमी असतं. खोलीच्या तापमानाला चुंबकाने दोन्ही सारखेच. भट्टीत मात्र फरक पहिल्या काही आठवड्यांतच उघडा पडतो.

मॉलिब्डेनमबद्दल ठामपणे सांगतो. मॉलिब्डेनम असलेला ३१६ महाग म्हणून भट्टीला अधिक चांगला, हे चूक आहे. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड ७९५ अंशांना वितळतो. हवा खेळती असेल तर तो उडून जातो, पण दोन पत्र्यांच्या फटीत, गॅस्केटखाली, गठ्ठ्यात बांधलेल्या नळ्यांमध्ये हवा कोंडली की तो द्रवरूपात साठतो, संरक्षक थर विरघळवतो आणि धातू झपाट्याने खातो. ३१६ क्लोराइडच्या पाण्यासाठी आहे, ज्वाळेसाठी नाही.

सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं मूलद्रव्य अॅल्युमिनियम आहे. त्याचा ऑक्साइड, म्हणजे अॅल्युमिना, हजार-अकराशे अंशांना क्रोमियम ऑक्साइडपेक्षा ढोबळमानाने शंभरपट सावकाश वाढतो, आणि वाफेतही जवळजवळ उडत नाही. नुसत्या लोखंडात अॅल्युमिनाचा सलग थर यायला अॅल्युमिनियम इतकं लागतं की धातूची तार ओढता येत नाही. पण २० टक्के क्रोमियम सोबत असलं की पाच टक्के अॅल्युमिनियम पुरतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत क्रोमियम ऑक्सिजन अडवून धरतं, अॅल्युमिनियमला आतल्या आत ऑक्सिडाइज होऊ देत नाही, आणि तेवढ्या अवधीत पृष्ठभागावर अॅल्युमिना सलग होतो. स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्झो यांनी १९२० च्या दशकात हीच मिश्रधातू बसवली, ती आज कांथल नावाने ओळखली जाते. त्याआधी १९०५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी नायक्रोम शोधलं होतं. नायक्रोम ८०-२० (८० निकेल, २० क्रोमियम) च्या एलिमेंटची कमाल मर्यादा १२०० अंश, कांथल ए-१ ची १४००. ही दोनशे अंशांची तफावत क्रोमियमच्या थराऐवजी अॅल्युमिनाचा थर आल्यामुळे आहे.

साठ्याचा हिशेब इथे हातानेच करून पाहता येतो. एक मिलिमीटर व्यासाची तार, घनता ७.१, अॅल्युमिनियम ५.३ टक्के. एक सेंटिमीटर लांबीचं वजन सुमारे ५६ मिलिग्रॅम, त्यात अॅल्युमिनियम जवळजवळ ३ मिलिग्रॅम. त्या तुकड्यावर १० मायक्रॉन जाडीचा अॅल्युमिना आला तर त्यात ०.६५ मिलिग्रॅम अॅल्युमिनियम गेलं, म्हणजे साठ्याच्या २२ टक्के. तीच जाडी ३ मिलिमीटरच्या तारेवर आली तर फक्त ७ टक्के जातात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर ४४ टक्के. अॅल्युमिनियम एका मर्यादेखाली उतरलं की अॅल्युमिना पुन्हा बनत नाही, क्रोमियम आणि मग लोखंड ऑक्सिडाइज होऊ लागतं आणि करड्या तारेवर तपकिरी-लाल डाग दिसतात. तिथून तार काही तासांची सोबती. १४०० हा आकडा जाड तारेचा आहे. बारीक तारेला तो लावणं म्हणजे एलिमेंट जाळण्याची हमी.

नवं एलिमेंट बसवल्यावर पहिल्याच दिवशी माल घालायची घाई करू नका. हवेत १०५० अंशांना सात ते दहा तास कोरडं चालवा. सुरुवातीला बनणारा अॅल्युमिना सुटसुटीत, वेगाने वाढणारा असतो. या तापमानाला तो अल्फा अॅल्युमिना या स्थिर स्फटिकरूपात बदलतो आणि खरा घट्ट थर तयार होतो. नायट्रोजन किंवा फोडलेला अमोनिया भरायच्या भट्टीत तर ही पायरी टाळताच येत नाही, नाहीतर अॅल्युमिनियम नायट्राइडमध्ये अडकतं आणि साठा न वापरताच संपतो. अशा वातावरणात काही काळाने पुन्हा हवेत तापवून थर ताजा करावा लागतो.

विटाही पाहा. एलिमेंट ज्या विटेवर टेकतं तिच्यात अॅल्युमिना किमान ४५ टक्के आणि लोहाचा ऑक्साइड एक टक्क्याच्या आत हवा. वॉटर ग्लास (सोडियम सिलिकेट) घातलेलं सिमेंट एलिमेंटला लागू देऊ नका, तापल्यावर त्यातलं सोडियम अॅल्युमिनाचा थर विरघळवतं. तांब्याचा चुरा, मिठाचे शिंतोडे, इनॅमलमधल्या बोरॅक्सची वाफ, प्रत्येकाने त्या ठिकाणी खड्डा पडतो. आणि एकदा वापरलेली कांथल थंड असताना वाकवू नका. आतले कण मोठे झालेले असतात, ती मोडते. लालसर तापवून मगच सरळ करा.

यानंतर येतात ती इतकी कमी मात्रेत असलेली मूलद्रव्यं की बहुतेक टेस्ट सर्टिफिकेटवर ती छापलीच जात नाहीत: यट्रियम, सेरियम, लँथेनम, झिर्कोनियम, हाफनियम. टक्क्याच्या शंभराव्या हिश्शात यांची किमया असते. १९३७ मध्ये पफाइल यांच्या पेटंटपासून हे माहीत आहे. ती ऑक्साइडच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतात आणि क्रोमियमची बाहेर येणारी वाट अडवतात; मग थर बाहेरच्या बाजूला न वाढता आतून, धातूला चिकटून वाढतो. दुसरं म्हणजे धातूतल्या गंधकाला बांधून ठेवतात. दशलक्षात काही भाग गंधकसुद्धा थर आणि धातू यांच्यामध्ये साठला तर अॅल्युमिना थंड होताना सोलून निघतो. २५३ एमए हा ग्रेड याचा उत्तम नमुना: क्रोमियम फक्त २१ आणि निकेल ११ टक्के, पण सिलिकॉन दीड-दोन आणि सेरियम ०.०३ ते ०.०८ टक्के, आणि तो ११५० अंशांपर्यंत ३१० च्या बरोबरीने उभा राहतो. मात्र यांची मात्रा वाढवली तर उलट होतं. जादा यट्रियम वेगळे कण बनवतं आणि ते कण ऑक्सिजनला आत नेणारे खिळे ठरतात.

वातावरण धड ऑक्सिडायझिंग नाही आणि धड रिड्यूसिंगही नाही, अशा भट्टीत ८०० ते ९५० अंशांच्या पट्ट्यात निकेल-क्रोमियम मिश्रधातूचं एक खास दुखणं असतं. निकेल ऑक्सिडाइज व्हायला पुरेल इतका ऑक्सिजन नसतो, पण क्रोमियमला पुरतो. क्रोमियम आतल्या आत खाल्लं जातं आणि तोडल्यावर काप हिरवा दिसतो. याला ग्रीन रॉट म्हणतात. के टाइप थर्मोकपलची (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) धन तार ही ९० निकेल, १० क्रोमियम. वर सांगितलेल्या अठरा-वीस टक्क्यांच्या ती कितीतरी खाली आहे, म्हणून बंद संरक्षक नळीत ती हमखास याला बळी पडते आणि भट्टी जितकी गरम असते त्याहून कमी तापमान दाखवते. ऑपरेटर आच वाढवतो, आणि माल जळतो. एन टाइप थर्मोकपलच्या धन तारेत क्रोमियम १४.२ आणि सिलिकॉन १.४ टक्के केलं ते यासाठीच. एलिमेंटसाठी अशा ठिकाणी ८०-२० ऐवजी ३५ निकेल, २० क्रोमियम, बाकी लोखंड आणि सोबत सिलिकॉन असलेला ग्रेड घ्यावा.

कोयलीसारख्या रिफायनरीच्या हीटरमध्ये प्रश्न आणखी वेगळा. जड तेलाच्या राखेत व्हॅनेडियम आणि सोडियम असतं, आणि त्यांचे ऑक्साइड सातशे अंशांच्या आतच वितळून कोणताही थर धुऊन टाकतात. तिथे नळ्यांचे हँगर ५० क्रोमियम, ५० निकेल आणि थोडं निओबियम अशा ओतीव धातूचे करतात. खत कारखान्यातल्या रिफॉर्मरच्या (नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भट्टीच्या) नळ्या २५ क्रोमियम, ३५ निकेल, निओबियम आणि ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन अशा असतात, कारण तिथे थराइतकीच तापलेल्या नळीची ताकद महत्त्वाची.

माल आल्यावर काय तपासायचं? चुंबक जवळ धरा: ४३०, ४४६ आणि कांथल ओढले जातात, ३१० आणि नायक्रोम नाहीत. साध्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) क्रोमियम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम कळतात. कार्बन कळत नाही, आणि अॅल्युमिनियम-सिलिकॉनवर तिचा भरवसा धरू नका. त्यासाठी प्रयोगशाळेत स्पार्क स्पेक्ट्रोवर (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तुकडा द्या, आणि २५३ एमए घेत असाल तर सेरियमचा आकडा लेखी मागा.

मोठी ऑर्डर असेल तर स्वतः चाचणी घ्या, महाग नाही. २० बाय १५ बाय २ मिलिमीटरचे तीन तुकडे कापा, पृष्ठफळ ७.४ चौरस सेंटिमीटर येतं. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, अॅसिटोनने धुवा, ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. अॅल्युमिनाच्या क्रुसिबल (तापवायच्या छोट्या वाट्या) आधी ११०० अंशांना भाजून घ्या, नाहीतर त्यांच्याच वजनात फरक पडतो. तुकडा क्रुसिबलमध्ये उभा ठेवा, भट्टीच्या प्रत्यक्ष तापमानाला १, ४ आणि १६ तासांनी काढा, उडणाऱ्या खपल्या पडू नयेत म्हणून बाहेर काढताच झाकण ठेवा. दर वेळी दोन वजनं घ्या: क्रुसिबलसकट आणि तुकडा एकटा. थर नीट धरत असेल तर ४ तासांची वाढ १ तासाच्या दुप्पट आणि १६ तासांची ४ तासांच्या दुप्पट येते. क्रोमियम ऑक्साइडच्या बाबतीत दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम वाढ म्हणजे सुमारे ६ मायक्रॉन थर, अॅल्युमिनाच्या बाबतीत ५.३. क्रुसिबलसकट वजन वाढतंय पण तुकडा हलका होतोय, तर थर सुटतोय. तापव-थंड कर वापराला हा ग्रेड देऊ नका. दोन्ही वजनं घटत असतील तर क्रोमियम उडून जातंय, तिथे अॅल्युमिना बनवणारा धातू घ्या किंवा तापमान खाली आणा.